नोकरी न सोडता एम.एस्सी. (कृषी) करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, २०१७ साली बी.एस्सी. (कृषी) झालात, तुर्भ्याच्या एका खत कंपनीत नोकरी आहे, घराचा हप्ता चालू आहे. नोकरी न सोडता एम.एस्सी. करायची आहे आणि एका संस्थेने शनिवार-रविवारच्या वर्गांवर पदवी देतो असं सांगितलं आहे.

त्या संस्थेला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी ऐरोलीत राहते. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) करून नवी मुंबईतल्या एका भाजीपाला निर्यात करणाऱ्या कंपनीत सहा वर्षं काढली. तिशीला आले तेव्हा हाच प्रश्न मला पडला होता आणि ‘नोकरी सांभाळून’ होईल का हे शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं. शेवटी नोकरी सोडली, परत दापोलीला गेले, मृदविज्ञान आणि कृषी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली. आता महाप्याला एका प्रयोगशाळेत माती, पाणी आणि भाजीपाल्यातला कीटकनाशकांचा उर्वरित अंश तपासायचं काम करते. म्हणून हे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगते आहे.

सरळ उत्तर: संशोधनासह होणारी खरी एम.एस्सी. (कृषी) नोकरी चालू ठेवून होत नाही. पदविका होतात, आणि त्यातल्या काही चांगल्या आहेत. पण पदवी वेगळी आणि पदविका वेगळी. तुम्हाला नक्की काय हवंय यावर पुढचं सगळं ठरतं.

का होत नाही ते समजून घ्या, म्हणजे कोणी शनिवार-रविवारचं गाजर दाखवलं तर लगेच ओळखता येईल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या आराखड्यात एम.एस्सी. ७० क्रेडिटची आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, सहायक विषय, सेमिनार असं सगळं धरून ४० होतात. उरलेले ३० एकट्या संशोधनाचे. किमान चार सत्रं. ते ४० एखाद्याने रात्री जागून वाचून काढले असं मानू, पण उरलेल्या ३० चं काय? ते शेतात आणि प्रयोगशाळेत उभं राहूनच मिळतात.

माझा प्रयोग भातावर होता. कोकणात चारसूत्री पद्धत तुम्ही शिकलाच असाल: चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या मध्ये युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. त्यातल्या नत्राचं पुढे मातीत आणि पिकात काय होतं, ते मला बघायचं होतं. आठ ट्रीटमेंट, म्हणजे तुलनेचे आठ प्रकार, प्रत्येकाची तीन रिप्लिकेशन, म्हणजे तीन वेळा लावणी, असे चोवीस वाफे. प्रत्येक वाफ्यात खुणेच्या काठ्या लावलेले पाच चूड. लावणीनंतर तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एकशेवीस चुडांचे फुटवे मोजायचे आणि त्याच दिवसांत मातीचे नमुने काढायचे. आमच्या लावणीच्या हिशेबाने तिसावा दिवस मंगळवारी आला आणि त्या मंगळवारी दापोलीत असा पाऊस कोसळत होता की छत्री उघडून उपयोग नव्हता. तरी मोजावंच लागलं. रविवारी येते असं भाताला सांगता येत नाही. नमुना आणला की पुढचं काम प्रयोगशाळेत. नत्र मोजण्यासाठी नमुना जेलडालच्या नळीत गंधकाम्लाबरोबर पाचन करायला ठेवलं की तासन्‌तास तिथून हलायचं नाही. एका वाफ्याचा आकडा चुकला तर तो वाफा परत पेरता येत नाही, पुढच्या खरिपापर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षं लागतात ती यासाठी.

नियमही याच कारणाने आला. कृषीची पदवी दूरस्थ पद्धतीने देता येणार नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ठरवलं. प्रात्यक्षिक आणि प्रयोगशाळेशिवाय हा विषय शिकवता येत नाही, ही त्यामागची भूमिका. पुढे दूरशिक्षणात चालणार नाहीत अशा विषयांच्या यादीत वैद्यकीय, अभियांत्रिकी यांच्या शेजारीच कृषी आणि उद्यानविद्या गेल्या. म्हणून घरी बसून एम.एस्सी. ॲग्री, शनिवार-रविवार एम.एस्सी. ॲग्री असं कोणी म्हणालं की त्याला तीनच गोष्टी विचारा. प्रक्षेत्र, म्हणजे प्रयोगाचं शेत, कुठे आहे? माझा गाइड कोण? प्रयोगाचे आकडे कोणत्या हंगामात घ्यायचे? ज्याच्याकडे खरा अभ्यासक्रम आहे तो तिन्हींची उत्तरं एका दमात देतो.

हे मी इतकं ठासून सांगते कारण आमच्या कंपनीच्या पॅकहाउसमधला, म्हणजे निर्यातीचा माल निवडून बांधतात तिथला, एक सहकारी अशाच एका परराज्यातल्या पदवीत अडकला. प्रबंधासकट सगळं तयार मिळालं. फी भरण्यासाठी त्याने बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. नंतर एका बियाणे कंपनीच्या मुलाखतीत त्याला विचारलं, तुमच्या प्रयोगात सीडी किती आला? क्रिटिकल डिफरन्स, ज्याच्यावरून दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा हे ठरतं. ज्याने चोवीस वाफे मोजलेत त्याला तो आकडा झोपेतही आठवतो. तो गप्प बसला. मुलगा हुशार होता, कामसू होता. त्याचं ते खाली गेलेलं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आता तुमच्याकडे येते. एम.एस्सी. तुम्हाला कशासाठी हवी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

सरकारी अधिकारी व्हायचं असेल तर ती लागत नाही. लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेला आणि बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला तुमची चार वर्षांची पदवी पुरते. त्यासाठी दोन वर्षं एम.एस्सी.त घालवण्यापेक्षा तेवढाच वेळ परीक्षेच्या अभ्यासाला द्या. शिकवायचं असेल, संशोधनात जायचं असेल, कंपनीच्या संशोधन विभागात बसायचं असेल तर मात्र एम.एस्सी. लागते. अध्यापनासाठी तिच्यावर नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. तिथे आडवाट नाही.

आणि तिसरी शक्यता, जी मला तुमच्या बाबतीत जास्त खरी वाटते: तुम्हाला आहे त्याच कामात वर जायचं आहे आणि रोजच्या कामात आपलं ज्ञान कमी पडतंय असं वाटतंय. खत विकताना शेतकरी माती परीक्षणाचा कागद पुढे करतो आणि आपण कंपनीची पुस्तिका वाचून दाखवतो. मीही त्यातून गेले आहे. तसं असेल तर नोकरी न सोडता खूप काही करता येतं.

हैदराबादची ‘मॅनेज’ ही केंद्र सरकारची संस्था कृषी विस्तार व्यवस्थापनातली एक वर्षाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने देते. ती शेतकऱ्यांशी रोज बोलणाऱ्यांसाठीच आहे, खाजगी कंपनीतल्यांसाठीही. इग्नूकडे अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका आहे आणि त्याच विषयात एम.एस्सी.ही आहे, ही एम.एस्सी. अन्नशास्त्राची, कृषीची नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. नवी मुंबईत मात्र तिला चांगली किंमत आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळा, मसाल्याचे आणि फळांचे निर्यातदार, निर्यातीच्या फळांवर विकिरण आणि बाष्प उष्णता प्रक्रिया करणारी वाशीची केंद्रं, या सगळ्यांना अशी माणसं लागतात. मी स्वतः पॅकहाउसमध्ये असताना पदविका केली. रात्री साडेनऊला मुलगी झोपली की अकरापर्यंत वाचायचे आणि प्रात्यक्षिकांसाठी रजा साठवून ठेवायचे. त्या पदविकेने मला पगारवाढ दिली आणि आपल्याला आणखी शिकायचंय हेही कळलं. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचीही पदविका इग्नूत आहे. विक्रीतच राहायचं असेल तर ती बघा. कोणताही अभ्यासक्रम घेण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त यादीत तो आहे का, ते स्वतः पाहा. एजंटने दाखवलेला कागद पुरेसा नाही.

एक गोष्ट फीशिवाय शिकता येते आणि ठाण्याच्या माणसाला ती फार जवळ आहे. पनवेलला दापोली विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल १, २, ३ हे भाताचे वाण तिथलेच. कर्जतला भाताचं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, आपल्याच लोकलच्या मार्गावर. मी दापोलीला जायच्या आधी पनवेलला तीनदा गेले. पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेले तेव्हा जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसत होता. जमिनीची ईसी, म्हणजे तिच्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युत वाहकता, मीटरला चार डेसिसायमनच्या वर गेली की ती खारवट, हे पुस्तकात पाठ केलेलं. पण उन्हाळ्यात खालचं पाणी वर ओढलं जाऊन मीठ कसं साठतं आणि पहिल्या जोरदार पावसांनी ते धुऊन गेल्याशिवाय लावणी का करत नाहीत, हे तिथल्या बांधावर उभं राहिल्यावर कळलं. घणसोली, ऐरोली, दिव्याकडच्या खाडीकाठी आगरी-कोळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच खाडीच्या जमिनी बांध घालून पिकवल्या. ज्या मातीवर आपल्या इमारती उभ्या आहेत तिचं शास्त्र आपल्याला येऊ नये, याची मला त्या दिवशी मनापासून खंत वाटली. मृदविज्ञान घ्यायचं तिथेच ठरलं. तुम्हीही एक रजा काढून जा. आधी फोन करून, आपण कृषी पदवीधर आहोत हे सांगून वेळ मागितली तर शास्त्रज्ञ मनापासून वेळ देतात, हा माझा अनुभव.

आणि हे सगळं करूनही एम.एस्सी.च हवी असं वाटलं, तर सरळ नोकरीतून दोन वर्षं बाहेर पडा. प्रवेश परीक्षेची तयारी मात्र नोकरीत असतानाच करा. राज्याची प्रवेश परीक्षा आहे आणि अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय परीक्षाही आहे. राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही आपली चार विद्यापीठं. कोकणातच काम करायचं असेल तर दापोली घ्या असं मी म्हणेन. इथली जांभ्याची माती, इथला पाऊस आणि इथलं भात तिथेच शिकायला मिळतं. घरी यायलाही बरं, एसटीने खेड आणि पुढे कोकण रेल्वेने पनवेल.

सरकारी विद्यापीठाची फी कंबर मोडत नाही. कंबर मोडतो तो बंद पडलेला पगार. आम्ही निघायच्या आधी सोळा महिने माझ्या पगारातला निम्मा भाग बाजूला टाकत होतो. मुलगी चार वर्षांची होती. सासूबाईंनी तिला सांभाळलं; त्या ‘तू जा’ म्हणाल्या नसत्या तर मी आजही पॅकहाउसवर असते. माझ्या कंपनीने बिनपगारी रजा नाकारली, तुमची कदाचित देईल. दोन वर्षांनी परत येऊन अमुक वर्षं काम करीन असं लेखी द्यायला तयार असाल तर खत कंपनीला मृदविज्ञानाची एम.एस्सी. झालेला माणूस हवाच असतो. एकदा विचारून बघा, आणि विचाराल ते थेट तांत्रिक विभागाच्या प्रमुखांना.

एक चूक टाळा. पहिलं वर्ष पूर्ण करून, आकडे गोळा करून, प्रबंध नंतर लिहू म्हणत नोकरीला लागणारे बरेच असतात. माझ्या तुकडीत दोघे तसे गेले. एकाचा प्रबंध तीन वर्षं कपाटात पडून होता. तिथे राहूनच लिहून, सादर करून मगच परत या.

हप्त्याची किती वर्षं उरलीत, घरात आणखी कोण कमावतं आणि शिकवायचं आहे की कंपनीतच राहायचं आहे, एवढं लिहिलंत तर येत्या परीक्षेला बसावं की आधी पदविका करावी, यावर मला नेमकं काही सांगता येईल.