इंजिन मागाहून ऐक, आधी गाडीखाली झोप

प्रश्न : नमस्कार काका, मी चिपळूणजवळ राहतो, वय २४, आयटीआयला मोटार मेकॅनिक केलंय पण नोकरी वेगळ्याच लाइनला आहे. आमच्या बागेकडे जायचा रस्ता पावसात नुसता चिखल, म्हणून एक जुनी फोर बाय फोर पिकप घ्यायची आणि घरीच हळूहळू नीट करायची असं खूप दिवस डोक्यात आहे. सगळे मिळून साडेपाच लाख जमलेत. २०१३ ची स्कॉर्पिओ गेटअवे बघितली, मालक पाच मागतोय, गाडी एकदम चकाचक, चासीला पण नवीन काळा रंग मारलाय. दुसरी एक टाटा झेनॉन साडेतीनला, पण फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकतो. इसुझू व्ही-क्रॉस मनात आहे पण परवडत नाही. काय करू?

उत्तर : मला पहिल्यांदा खटकला तो काळा रंग. बारा वर्षं कोकणात फिरलेल्या गाडीची चासी कोणी उगीच रंगवत नाही रे. खाऱ्या हवेत आणि लाल चिखलात चासी बाहेरून बरी दिसते, पण पोकळ रेलच्या, म्हणजे चासीच्या दोन लांब तुळयांच्या, आत माती साठते, ती वर्षभर ओली राहते आणि पत्रा आतून खाते. तेव्हा तिथे जाताना जुनी चादर, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन जा, सरळ गाडीखाली झोप आणि चासी ठोकत ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो, कान लगेच ओळखतो. केबिन संपून हौदा सुरू होतो ना, तिथे जास्त वेळ घालव, आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) चासीला जिथे लटकतात ते ब्रॅकेट बघ, ओव्हरलोड चाललेल्या पिकपला तडे तिथेच जातात. केबिन आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंनी सारखी नसेल तर गाडी कुठेतरी ठोकलेली आहे किंवा चासी वाकलेली आहे. मालक ठोकू देत नसेल तर तिथूनच परत फिर.

हे मी जीव तोडून सांगतोय कारण माझ्या पहिल्या गाडीत मी फक्त इंजिन ऐकलं होतं. इंजिन खरंच सुरेख होतं. आठ महिन्यांनी पाट्याचं ब्रॅकेट चासीसकट फाटलं, घाटात, मागे बायको-मुलगी बसलेली. कोणाला लागलं नाही, पण ती गाडी नंतर मी कधी मनापासून चालवू शकलो नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो सगळं पैसे टाकून मिळतं, गॅरेजमध्ये उघडून शिकताही येतं. सडलेल्या चासीवर शिकण्यासारखं काही नाही, वेल्डिंगवर वेल्डिंग होत जातं आणि भरवसा कधीच येत नाही.

आता त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचं. या दोन्ही गाड्यांत फोर बाय फोर बटणावर आहे, म्हणजे बटण फिरवलं की एक छोटी मोटर ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअर सरकवते, आणि काम पूर्ण होईपर्यंत दिवा लुकलुकतो. लुकलुकतच राहिला तर कधी नुसता वायरिंगचा किंवा सेन्सरचा लोचा असतो, कधी मोटर गेलेली असते, आणि कधी आतली चेन किंवा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) संपलेला असतो, यात काही हजारांपासून लाखाच्या आसपासपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस, कच्च्या रस्त्यावर ट्रायल घे. मोकळ्या मातीवर फोर हाय (चारी चाकं, नेहमीचा वेग) लाव, स्टिअरिंग पूर्ण वळव आणि हळू फिरव, गाडी अडल्यासारखी, ओढल्यासारखी वाटली पाहिजे. तसं वाटलं म्हणजे पुढची चाकं खरंच ओढताहेत. मग थांब, क्लच दाब, न्यूट्रलला घे, फोर लो (चारी चाकं, वेग कमी आणि ताकद जास्त) लाव, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून पाय काढून घे, ॲक्सिलरेटर न देता माणसाच्या चालीने गाडी चढाव चढली पाहिजे.

पण ही ट्रायल डांबरावर घेऊ नकोस, आणि मालकाने फोर बाय फोर डांबरावर वापरलंय का ते गप्पांत काढून घे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात, आणि या पार्ट-टाइम सिस्टीममध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक झालेला असतो. चिखलात टायर जरा घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा ताण क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर येतो. ‘पावसात हायवेला कायम फोर बायच लावतो, ग्रिप भारी मिळते’ असं कोणी अभिमानाने सांगितलं की समजून जा. चारी टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले आहेत ना तेही बघ, कारण तेच.

दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या एक्सलमधले गिअरचे डबे) आणि ट्रान्सफर केसचा फिलर बोल्ट, म्हणजे तेल भरायचा बोल्ट, उघडून बोट घाल, तेल दुधाळ कॉफीसारखं असेल तर पाणी शिरलंय. गाडी सकाळी थंड असताना तुझ्यासमोरच स्टार्ट करायला सांगून ठेव, तू पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल तर इंजिनचं मोठं काम निघालंय.

माझं मत, गेटअवेची चासी ठोकून खणखणीत निघाली तरी पाच देऊ नकोस, तुझ्याकडे फक्त पन्नास हजार उरतात आणि तेवढ्यात टायर, बॅटरी, सगळी तेलं आणि ब्रेक एवढंच जेमतेम होतं. चारच्या आत आली तर घे. झेनॉनची चासी चांगली निघाली तर मी स्वतः तीच घेईन, कारण खोट समोर दिसतेय, भावात तेवढे कापून घेता येतात आणि ट्रान्सफर केस उघडायची तुला मनापासून इच्छा आहे हे पत्रातून कळतं. व्ही-क्रॉस २०१६ पासूनच्या आहेत, गाडी दणकट, पण तिचं नंतर बघू.

कागद. प्लेट पिवळी असेल तर आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, ते आहे का बघ. पांढरी असेल तर २०१३ चं पासिंग २०२८ ला संपणार, मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू, वर पर्यावरण कर. लोन असेल तर आरसीवरची बँक उतरवून घे, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घे. पिवळ्या प्लेटला वेगळं लायसन्स लागतं का असं बरेच जण विचारतात, तर साडेसात टनांच्या आतल्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय.

प्रश्न : बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर घेतली आहे. लिफ्ट (गाडी उंच करणं), मोठे टायर आणि पुढे लोखंडी गार्ड आधी करू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मोठ्या टायरने गिअरिंग जड होतं, ब्रेक कमी पडतात, क्लच लवकर जळतो. पहिलं वर्ष कंपनीच्याच साइजचे चांगले मड टायर आणि एक धड टो-रोप, एवढ्यावर फिर.

प्रश्न : डिचोलीत खाणीवर चाललेला कॅम्पर स्वस्तात मिळतोय, बरीच वर्षं उभाच आहे. घेऊ?

उत्तर : गोव्यात २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी थांबल्या, तेव्हापासून अशा कितीतरी गाड्या शेडमध्ये पडून आहेत. किलोमीटर कमी दिसतील, त्यावर जाऊ नका, खाणीवरचे तास मीटरवर दिसत नाहीत आणि लाल धूळ प्रत्येक बेअरिंगमध्ये गेलेली असते. उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर जाम होतात, डिझेलच्या टाकीत आतून गंज धरतो, वायरिंग उंदीर खातात. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ३४१५ म्हणजे २०१५ चा चौतिसावा आठवडा, नक्षी कितीही खोल दिसली तरी असे टायर रस्त्यावर घालू नका. आणि स्टार्टर मारायच्या आधी टाकी सोडवून धुवा, डिझेल फिल्टर नवा टाका, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघा.