बॅकअपची 1 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क सारखी भरते. जुनं काय काढावं आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर डेटा जेमतेम 300 जीबी आहे, विंडोजची फाइल हिस्टरी (फाइलींच्या प्रती आपोआप दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी सोय) चालू आहे, तरीही 1 टीबीची डिस्क भरली. आता डिस्कवरचं फाइल हिस्टरीचं फोल्डर उघडून जुन्या फाइली हाताने डिलीट कराव्यात का, असं तुम्ही विचारताय. कृपया करू नका. फाइल हिस्टरी आपल्या सगळ्या प्रतींची यादी वेगळी ठेवते. तुम्ही मधल्या फाइली उडवल्या तर यादी आणि डिस्क यांचा मेळ बसत नाही, आणि रिस्टोअर करायच्या वेळी गोंधळ होतो. जागा मोकळी करायची सोय फाइल हिस्टरीतच आहे, तीच वापरा.

1 टीबीच्या डिस्कवर विंडोज 931 जीबीच दाखवतं, त्यात काही बिघाड नाही. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

खरी जागा खातात त्या जुन्या आवृत्त्या. फाइल हिस्टरी मूळ सेटिंगमध्ये दर तासाला बघते की कुठली फाइल बदलली, आणि बदललेल्या फाइलची पूर्ण नवी प्रत ठेवते. नुसता बदललेला भाग नाही, अख्खी फाइल. वर्डच्या पत्रांना याने काही फरक पडत नाही. पण समजा लग्नपत्रिकेची किंवा फ्लेक्सची 150 एमबीची डिझाइन फाइल तुम्ही दिवसभर उघडून सेव्ह करताय. आठ तासांत आठ प्रती, म्हणजे 1.2 जीबी. महिन्याचे 25 दिवस धरले तर एकट्या त्या फाइलचे 30 जीबी होतात. फोल्डरचं नाव बदललं किंवा तो दुसरीकडे हलवला, तरी आतलं सगळं नवीन समजून पुन्हा कॉपी होतं. फोटोंचं 80 जीबीचं फोल्डर एकदा नीटनेटकं लावलं की डिस्कवरचे आणखी 80 जीबी गेलेच.

शिवाय या प्रती किती दिवस ठेवायच्या याचं मूळ सेटिंग 'फॉरेव्हर' असतं. डिस्क भरली की नव्या प्रती जाणं थांबतं. माझ्या मते यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच आहे, कारण बॅकअप चालू आहे असं आपण धरून चालतो.

सेटिंग असं बदला. स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनेल शोधा, तिथे सिस्टिम अँड सिक्युरिटी, मग फाइल हिस्टरी, आणि डावीकडे अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. 'कीप सेव्ह्ड व्हर्जन्स' मध्ये 6 महिने किंवा 1 वर्ष निवडा. 'सेव्ह कॉपीज' दर तासाऐवजी दर 3 किंवा 6 तासांनी केलं तरी घरगुती कामाला पुरतं. मग त्याच पानावरच्या 'क्लीन अप व्हर्जन्स' वर जा, आधी एक वर्षाहून जुन्या आवृत्त्या काढा. तेवढ्याने भागलं नाही तरच 6 महिने, 3 महिने असं खाली या. यूएसबीवर हे काम सावकाश चालतं. मध्ये केबल काढू नका.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. क्लीन अप करताना प्रत्येक फाइलची शेवटची प्रत राखली जाते, पण ती फाइल बॅकअपच्या कक्षेत असेल तरच. एखादं फोल्डर तुम्ही 'एक्सक्लूड' केलं, म्हणजे बॅकअपमधून वगळलं असेल, तर ठरवलेल्या मुदतीपेक्षा जुन्या त्याच्या सगळ्या प्रती जातात, शेवटचीसुद्धा. डाउनलोड केलेल्या सिनेमांसाठी हे सोयीचंच आहे: आधी ते फोल्डर एक्सक्लूड करा, मग क्लीन अप. पण मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये असतील आणि लॅपटॉपवरून काढून टाकलेले असतील, तर ते कायमचे जातील. म्हणून एक्सक्लूडची यादी आधी वाचा.

एवढं करूनही जागा कमीच दिसली, तर विझट्री किंवा ट्रीसाइज फ्री हे मोफत प्रोग्रॅम 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवा. कुठलं फोल्डर किती मोठं ते लगेच दिसतं, लपलेलीसुद्धा. बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी सापडतं.

'विंडोज इमेज बॅकअप' नावाचं मोठं फोल्डर दिसलं तर कधीतरी सिस्टिम इमेज, म्हणजे अख्ख्या विंडोजची जशीच्या तशी प्रत, घेतलेली आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)' उघडून 'मॅनेज स्पेस' मध्ये फक्त शेवटची इमेज ठेवायचा पर्याय निवडा. दुसरं म्हणजे रिसायकल बिन. हार्ड डिस्कवरून डिलीट केलेलं त्याच डिस्कच्या बिनमध्ये पडून राहतं, म्हणून बिन रिकामी केल्याशिवाय एक जीबीही सुटत नाही. आणि तिसरं, दर वेळी मोबाइल जोडून अख्खंच्या अख्खं कॉपी केलेलं: 'मोबाइल जुना', 'मोबाइल दिवाळी', 'मोबाइल सगळं'. त्यातल्या व्हॉट्सअॅपच्या 'डेटाबेसेस' फोल्डरमध्ये चॅटच्या गेल्या काही दिवसांच्या वेगवेगळ्या पूर्ण प्रती असतात, त्यातली सगळ्यात नवी पुरते. व्हॉट्सअॅपच्याच 'सेंट' (पाठवलेलं) फोल्डरमध्ये बहुतेक तेच फोटो पुन्हा असतात.

मात्र हे मोबाइलचे फोटो आता फोनमध्येही नसतील आणि लॅपटॉपवरही नसतील, तर डिस्कवरची ती एकमेव प्रत आहे. त्याला बॅकअप म्हणता येत नाही. त्यांची दुसरी प्रत कुठेतरी झाल्याशिवाय त्या फोल्डरला हात लावू नका.

असं इतर सामान त्याच डिस्कवर ठेवायचंच असेल तर डिस्कचे दोन भाग करा, कारण फाइल हिस्टरीला जागेची मर्यादा घालता येत नाही. आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करा. मग स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: 300 जीबी हवे असतील तर 307200. तेवढं सुटत नाही असं दिसलं, तर डिस्कच्या शेवटाकडे न हलणाऱ्या फाइली आहेत. मिळेल तेवढ्यावर थांबा, जबरदस्ती करू नका.

सगळं झाल्यावर फाइल हिस्टरीत 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' उघडा आणि एखादी महत्त्वाची फाइल डेस्कटॉपवर काढून बघा. 'रिस्टोअर टू' निवडा, म्हणजे मूळ फाइलवर ती लिहिली जाणार नाही. टॅली वापरत असाल तर त्याचं डेटा फोल्डरही तिथे दिसतंय का ते पाहा. ते बहुतेकदा डॉक्युमेंट्सच्या बाहेर असतं, आणि फाइल हिस्टरी मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो अशा ठरावीक जागाच घेते. दिसलं नाही तर ते फोल्डर विंडोजच्या एखाद्या लायब्ररीत (फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या गटात) जोडा, मग पुढच्या फेरीपासून त्याचीही प्रत जाईल.