ध्रुवाजवळचं अंतर पट्टीने मोजताना

प्रश्न : मुलीच्या भूगोल प्रकल्पासाठी नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन या विमानतळांमधलं अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मोजलं. ते साडेतीन हजार किलोमीटर भरलं. विमानाच्या वेळापत्रकात मात्र पावणेदोन तासही लागत नाहीत. खरं काय?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : वेळापत्रक बरोबर आहे. खरं अंतर सुमारे ९५७ किमी. तुमचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असणार. सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०६ किमीचा असतो, लाँगयिअरब्येनला तो जेमतेम २३ किमी उरतो. मर्केटर दोन्ही सारख्याच रुंदीचे काढतो आणि आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिणही तितकंच ताणतो. हा ताण ट्रॉम्सोजवळ जवळपास तिप्पट, लाँगयिअरब्येनला पाचपट होतो. नकाशाखालची प्रमाणपट्टी विषुववृत्तापुरतीच खरी.

मुलीला पृथ्वीगोल आणि दोरा द्या. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी; दोरा सव्वादोन सेंमी भरेल. इतक्या लहान मापात एका मिलिमीटरची चूकही ४० किमीची होते, म्हणून गणिताने पडताळा घ्यावाच.

ट्रॉम्सो : ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व. लाँगयिअरब्येन : ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज ०.९८८७ येते. तिचा व्यस्त कोसाइन ८.६१ अंश; त्याला १११.२ ने (पृथ्वीवरच्या एका अंशाचे किलोमीटर) गुणलं की किलोमीटर मिळतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) असेल तर उत्तर भलतंच येईल. आणि ०.९८८७ चे ०.९९ करू नका, तेवढ्याने पन्नासेक किलोमीटर गळतात.

वेळेसाठी जेट विमानाचा ताशी ८०० किमी वेग धरा : ७२ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं यांची २५ ते ३० मिनिटं मिळवा. एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास येतं. ताशी ६० किमीचा समोरचा वारा असेल तर आणखी पाच-सहा मिनिटं. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे वेळापत्रकातल्या वेळांची थेट वजाबाकी चालते.

प्रश्न : भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथून किती लांब?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : २००८ साली सुरू झालेलं हे संशोधन केंद्र स्वालबार्डवरच्याच न्यू-ऑलेसुंदला आहे, लाँगयिअरब्येनपासून हवाई मार्गाने सुमारे ११० किमी. तिथे पंख्याचं छोटं डॉर्नियर विमान जातं, म्हणून ताशी ८०० चा हिशेब इथे लावू नका. तरी अर्ध्या तासाच्या आत पोचतं. प्रत्यक्ष जायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच पाहा : नॉर्वे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, स्वालबार्ड नाही. परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं, म्हणून एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही; किमान दोनदा प्रवेशाचा मागा.