पहिल्या दिवसापासून बेस नाही? मोठा ॲम्प घेण्याआधी हे तपासा

तुमची अडचण अशी दिसते: हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची सब (खास बेसचा स्पीकर, सबवूफर), त्याला ४ ओहमच्या दोन कॉइल, पोर्टवाला (हवेसाठी तोंड ठेवलेला) बॉक्स, २ ओहमला ५०० वॉट देणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा ॲम्प), आणि सिग्नल कंपनीच्याच स्टिरिओच्या मागच्या स्पीकरच्या तारांवरून कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल ॲम्पला चालेल असा करणारी डबी) लावून घेतलेला. बसवून दोन आठवडे झाले, पण बेस नावालाच. गेन (ॲम्पवरचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) वाढवला की नुसती घरघर. आणि दुकानदार म्हणतोय, मोठा ॲम्प घ्या.

कृपा करून घेऊ नका. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, कानाला ‘जरासं वाढलं’ एवढंच वाटतं. आहे तो ५०० वॉट नीट पोचला तर आतला आरसा थरथरायला हवा. तो वाटेत कुठेतरी अडतोय, आणि कुठे ते साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात कळतं.

चांगला वाजणारा सब अचानक दबला असता तर मी आधी ग्राउंड (ॲम्पची मायनस तार गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात ती जागा) आणि जळालेली कॉइल बघितली असती. पहिल्या दिवसापासून मंद म्हणजे बहुतेक जोडणीतच घोळ आहे. म्हणून सुरुवात कॉइलपासून करा.

ॲम्प बंद करून सबकडे जाणाऱ्या दोन्ही तारा ॲम्पमधून काढा आणि त्यांच्या टोकांवर ओहम मोजा. साधारण १.७ ते १.९ आलं तर कॉइल पॅरलल आहेत, ठीक. ७ च्या आसपास आलं तर सिरीजमध्ये जोडल्यात; ॲम्पला ८ ओहम दिसतात आणि तो ५०० ऐवजी सव्वाशे वॉटच देतो. साडेतीन दिसलं तर एकच कॉइल चालू आहे. (मीटरचा आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमीच येतो, त्याने घाबरू नका.)

पण एक चूक मीटरला कधीच सापडत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात जास्त संशय तिचाच आहे. दोनपैकी एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले असतील तर ओहम बरोब्बर येतात, पण एक कॉइल कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) बाहेर ढकलते आणि दुसरी त्याच क्षणी आत ओढते. कोन जागचा हलत नाही, सगळी ताकद उष्णता होऊन कॉइलमध्ये मुरते. असा सब फार वेळ वाजवला तर जळतो, म्हणून हे आजच बघा. घड्याळाचा पेन्सिल सेल घ्या. त्याच दोन तारांना, प्लसला प्लस, क्षणभर टेकवा. तळहात कोनवर अगदी हलका ठेवा. कोन ‘टप्’ करून बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर दोन्ही कॉइल मिळून उलट्या आहेत. काहीच हाललं नाही, फक्त अगदी बारीक ‘टिक’ आली, तर सब बॉक्समधून काढा आणि एकेक कॉइल वेगळी करून हाच प्रयोग करा. दोन्हींनी कोन एकाच दिशेला हलला पाहिजे.

इथे सगळं ठीक निघालं तर पुढचा संशय फेजवर. सब आणि दरवाज्यातले स्पीकर ८० हर्ट्झच्या आसपास दोघंही वाजतात. एक पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर येईपर्यंत बेस एकमेकांना खाऊन टाकतो. ओळखायची खूण सोपी आहे. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं स्टिरिओतलं सेटिंग) पूर्ण मागे न्या, म्हणजे पुढचे स्पीकर गप्प होतील. आवाज कमी व्हायच्या जागी बेस वाढला, तर फेजचंच दुखणं. ॲम्पवरचा फेजचा स्विच १८० वर टाका. स्विच नसेल तर सबच्या दोन तारांची अदलाबदल करा. आणि हो, तुमचा सिग्नल मागच्या स्पीकरवरून घेतलाय, त्यामुळे फेडर पुढे सरकवलेला असेल तर सबला उपाशीच ठेवल्यासारखं आहे. तो मधोमध हवा.

ॲम्पवरचे स्विच एकदा डोळ्यांनी बघून घ्या: फिल्टर एलपीएफवर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा), ८० हर्ट्झच्या आसपास. चुकून एचपीएफवर (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) राहिला तर बेसच कापला जातो. डॅशबोर्डखाली बेसची वेगळी नॉब दिली असेल तर ती पूर्ण वर.

आता कंपनीचा स्टिरिओ. बऱ्याच गाड्यांत व्हॉल्यूम वाढवला की स्टिरिओ स्वतःच बेस कमी करतो, दरवाज्यातले लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून. तपासायला मोबाईलवरून ५० हर्ट्झचा टोन लावा, सब काढून ठेवा, गेन कमीतकमी ठेवा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असल्यामुळे स्वस्तातला मीटरसुद्धा इथे खरा आकडा दाखवतो. व्हॉल्यूम पायरीपायरीने चढवा. मध्येच व्होल्ट चढायचे थांबले किंवा उतरू लागले, तर दोष स्टिरिओत आहे. मग बेस परत भरून देणारा प्रोसेसर किंवा दुसरा स्टिरिओ, ॲम्प नव्हे. व्होल्ट नीट चढत असतील तर व्हॉल्यूम पाऊण ठेवून गेन हळूहळू वाढवा. २ ओहमवर ५०० वॉट म्हणजे सुमारे ३१ व्होल्ट. तिथे थांबा.

ग्राउंडबद्दल स्वतःचं सांगतो, कारण त्यात माझे पैसे गेलेत. माझ्या जुन्या गाडीत एका पावसाळ्यानंतर बेस बसला. दुकानात दाखवलं, त्यांनी ॲम्प बदलायला लावला. मी बदलला. फरक शून्य. मग एका रविवारी डिकीतला गालिचा उचलला, तर ग्राउंडचा बोल्ट रंगावरच आवळलेला, आणि थिंबलभोवती (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीभोवती) तांबूस गंजाचं कडं. गाणं जोरात लावून मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी ॲम्पच्या ग्राउंडला लावली. प्रत्येक ठोक्याला आकडा १.४ व्होल्टपर्यंत उडी मारत होता. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, थिंबल नवी लावली, वरून ग्रीस. आकडा ०.१ च्या खाली आला आणि बेस त्याच क्षणी परत आला. जुना ॲम्प ठणठणीत होता, तो मी निम्म्याहून कमी किमतीत विकून बसलो होतो.

तुमची वायर किटमधली असेल तर टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ५०० वॉटला शुद्ध तांब्याचीच घ्या.

बॉक्स सगळ्यात शेवटी. पोर्टचं तोंड मागच्या सीटला चिकटलेलं नको, चार बोटं तरी जागा सोडा. टोन चालू ठेवून सांध्यांजवळ आणि टर्मिनलच्या वाटीजवळ उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथून हवा निसटतेय, सिलिकॉन भरा.

सध्या तीनच गोष्टी कळवा: कॉइलचे ओहम, सेल टेकवल्यावर कोन कुठे गेला, आणि गाणं जोरात असताना ग्राउंडवर किती व्होल्ट दिसले.