'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ची सुरुवात भारी की 'मेडल ऑफ ऑनर'मधला ओमाहा बीच?

तुम्ही विचारलंय की पहिला पिक्चर, दुसरा व्हिडिओ गेम, पण दोन्हीकडे तोच किनारा (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य उतरलं तो फ्रान्सच्या नॉर्मंडीतला ओमाहा बीच), तीच बोट, तेच मशीनगनचं फायरिंग, मग जास्त अंगावर येतं ते कुठलं? माझ्यापुरतं सांगतो, बोटीत असेपर्यंत गेम आणि बोटीचा दरवाजा खाली पडला की पिक्चर. का ते सांगायला जरा लांबण लागेल.

आधी एक बारीक गोष्ट. १९९८ चा तो पिक्चर बीचवर सुरू होतच नाही. एक म्हातारा नॉर्मंडीतल्या सैनिकांच्या दफनभूमीत येतो, एका क्रॉससमोर गुडघे टेकतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जवळ जवळ जातो आणि तिथून डायरेक्ट ६ जून १९४४. आपण आपोआप धरून चालतो की हा म्हातारा म्हणजे टॉम हँक्स. शेवटी कळतं की तो रायन आहे, म्हणजे हँक्सची तुकडी ज्याला शोधायला निघते तो सैनिक, आणि रायन तर विमानातून पॅराशूटने उतरलेला, त्या बीचवर तो नव्हताच! (इतकी वर्षं झाली, आता स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका.) गेममध्ये अशी गंडवागंडवी करायला वावच नाही, कारण तिथे डोळे आपलेच असतात.

आणि हे दोन्ही एकाच चुलीवर शिजलेलं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेडल ऑफ ऑनरची मूळ कल्पना पिक्चरचा दिग्दर्शक स्पीलबर्ग याचीच, पहिला गेम १९९९ ला प्लेस्टेशनवर आला. डेल डाय नावाचा माजी मरीन, ज्याने पिक्चरमधल्या नटांना चिखलात लोळवून ट्रेनिंग दिलं, तोच गेमलाही सल्लागार होता. पुढे २००२ ला दोन गेम आले, प्लेस्टेशन टूवरचा फ्रंटलाइन, जो ओमाहा बीचवरच सुरू होतो, आणि पीसीवरचा अलाइड असॉल्ट, ज्यात बीच तिसऱ्या मिशनला येतो. मी खेळलो तो मुख्यतः दुसरा.

खेळलो म्हणजे कॉलेजात असताना नाशिकला एका सायबर कॅफेत, वीस रुपये तास, आणि माझ्या ठरलेल्या मशीनच्या हेडफोनचा डावा कान मेलेला, त्यामुळे जर्मन लोक माझ्यावर कायम उजवीकडूनच गोळ्या झाडायचे. तरीसुद्धा त्या बोटीत बसल्यावर पोटात गोळा यायचा. कारण तिथे काही करताच येत नाही. मान फिरवता येते बस. शेजारच्या बोटी दिसतात, पाण्यात गोळे पडतायत, समोर तो लोखंडी दरवाजा, आणि हातात माऊस असून त्याचा उपयोग शून्य. पिक्चरमध्ये हँक्सचा थरथरता हात दिसतो, कोणीतरी ओकतं, कोणी क्रॉसचं चुंबन घेतं, ते बघून आपल्याला त्यांच्यासाठी भीती वाटते. गेममध्ये स्वतःसाठी वाटते.

पण दरवाजा पडला की गंमत उलटी होते. पिक्चरमध्ये पुढच्या रांगेतली माणसं पाऊल टाकायच्या आत मरतात, आणि मेली म्हणजे मेली. गेममध्ये मी मेलो, परत लोड. मेलो, परत लोड. पहिल्या तासात चौदा वेळा मोजलं आणि मग मोजणं सोडलं. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत भीती संपून पाठांतर सुरू होतं, म्हणजे आधी डावीकडचा लोखंडी अडथळा, मशीनगन दुसरीकडे वळली की पुढच्याला, मग खड्डा. सरळ सांगायचं तर आट्यापाट्या. पाटी सांभाळणारा तिकडे वळला की आपण इकडून सुटायचं. शेजारी पडणारा सैनिक दर वेळी त्याच जागी पडतो हे लक्षात आलं की तो माणूस राहत नाही, मैलाचा दगड होतो, याच्या इथून उजवीकडे!

पिक्चरने हे कसं टाळलं ते बघण्यासारखं आहे. कॅमेरामन यानुश कमिन्स्कीने शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारी फट, नेहमीपेक्षा बारीक ठेवलं, त्यामुळे हालचाल गुळगुळीत न दिसता तुटक दिसते, उडालेल्या वाळूचा कणन् कण वेगळा. वीसहून जास्त मिनिटं लढाई चालते आणि पार्श्वसंगीत अजिबात नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना! शूटिंग मात्र नॉर्मंडीत नाही, आयर्लंडच्या वेक्सफर्ड भागातल्या किनाऱ्यावर.

आणि तो आवाज जायचा सीन. हँक्स अडथळ्याशी बसलाय, सगळे आवाज एकदम पाण्याखाली गेल्यासारखे, एक जण स्वतःचा तुटलेला हात शोधतो, उचलतो आणि चालायला लागतो. मी हा पिक्चर पहिल्यांदा व्हीसीडीवर पाहिला, मला वाटलं सीडीच गंडली, उठून स्पीकरवर दोन थापा मारल्या. तेवढ्यात हँक्सने हेल्मेट डोक्यावर ठेवलं, त्यातून लाल पाणी ओघळलं आणि आवाज परत आला. थापेनेच आला असं मला पुढची दोन मिनिटं खरंच वाटत होतं.

एक अवांतर. दोन्हीकडे काटेरी तारांपाशी पोचल्यावर सगळे 'बँगलोर, बँगलोर' ओरडतात. मला वाटायचं काहीतरी कोडवर्ड आहे. आमच्या कॉलनीत खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (लष्करातली इंजिनियर लोकांची पलटण) रिटायर झालेले एक काका होते, ते हसले आणि म्हणाले, "अरे तो टॉर्पेडो, आपल्याच बंगलोरचा." स्फोटकं भरलेल्या नळ्या एकीला एक जोडत तारांखाली सरकवायच्या आणि उडवायच्या. १९१२ च्या सुमारास मद्रास सॅपर्समधल्या मॅक्लिंटॉक नावाच्या ब्रिटिश कॅप्टनने बंगलोरला बनवलेला, म्हणून ते नाव. गेममध्ये ती नळी आणायला मलाच परत पिटाळलं होतं, त्यामुळे ती बातमी मला फारच वैयक्तिक वाटली.

तर माझं मत पिक्चरला. फक्त एक घोटाळा झालाय. गेल्या महिन्यात बायकोबरोबर परत बघायला बसलो, ती दोन्ही हात तोंडावर धरून बघतेय आणि मी आपला पुटपुटतोय, "थांब रे, आत्ता नको, मशीनगन वळू दे, हां, आता डावीकडचा."