'सजातीय' जोडपं की 'समलिंगी'?

बडोद्यातून प्रश्न आला आहे: मंडळाच्या अंकात सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांच्यावर लेख आहे. दहा वर्षं एकत्र राहून हैदराबादच्या या दोघांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात विवाहहक्काची याचिका केली. त्यांना 'सजातीय जोडपे' म्हणावं, की 'साथीदार'?

'सजातीय' नकोच. गुजरातीत 'जाति' म्हणजे व्याकरणातलं लिंगसुद्धा: नरजाति, नारीजाति, नान्यतरजाति. म्हणून तिथे 'सजातीय लग्न' बरोबर बसतं. मराठीत सजातीय लग्न म्हणजे एकाच जातीतलं, आंतरजातीयच्या उलट. 'सजातीय विवाहासाठी लढणारे' असं छापलंत, तर पुण्याचा वाचक ही मंडळी जातीबाहेर मुली द्यायच्या विरोधात आहेत असंच समजेल! 'समलिंगी' लिहा, तेही एकदाच.

कारण पुढचं काम मराठीचं व्याकरण करतं. ते दोघे, त्या दोघी, ती दोघं: जोडप्यात कोण आहे ते इथेच कळतं. 'गेली वीस वर्षं एकत्र राहणाऱ्या दोघी' याला विशेषण कशाला? 'जोडपं' तर नपुंसकलिंगी, कोणालाही चालतं.

'साथीदार' पोलिसी बातमीतल्या चोराचा असतो. 'मित्र' म्हणजे झाकाझाक. 'जोडीदार' चांगला, पण तो कॅरमलाही लागतो. पहिल्यांदा 'आयुष्याचा जोडीदार' लिहा, मग नुसता.

मागणीला 'विवाहसमानता' म्हणावं. घटनेच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहेच. 'समलिंगी विवाहाचा कायदा' म्हटलं की वेगळा कायदा मागितल्यासारखं वाटतं. मागणी होती १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातच सामावून घेण्याची. त्याच्या कलम ४ मध्ये पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण हवीत असं आहे. तिथे 'व्यक्ती', आणि पती-पत्नीच्या जागी 'जोडीदार' असं वाचावं, एवढंच. म्हणजे खटलाही शब्दांचाच.

निकालाबद्दल 'समलिंगी विवाहावर बंदी' हा मथळा मात्र चूक. १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असं ठरवून कायद्याचा प्रश्न संसदेवर सोडला. २०१८ च्या निकालापासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. तेव्हा 'मान्यता नाकारली' असं लिहा.