विचारा बिनधास्त : सहाही जण ‘नाही’ म्हणाले

प्रश्न : ताई, मी सोलापूरचा, एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसर्टेशनला समलिंगी पुरुषांचं आरोग्य हा विषय घेतलाय. गाइड म्हणतात दोनशे फॉर्म भर, टक्केवारी काढ, झालं. एचआयव्हीचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या वर्करसोबत दोन संध्याकाळी स्टँडवर फिरलो तर कसेबसे सहा फॉर्म भरले, आणि ‘तुम्ही समलिंगी आहात का’ला सहाही जण नाही म्हणाले! आता काय करू?

उत्तर : अरे, ते सहा फॉर्म फाडू नकोस, तुझं पहिलं चॅप्टर तेच आहे. तुझ्या फॉर्ममधला शब्द त्यांचा नाहीच ना. तिथला माणूस सांगणार, माझं लग्न झालंय, दोन पोरं आहेत, मी कुठला समलिंगी. कुणी स्वतःला कोथी म्हणेल, म्हणजे बायकी वळणाचा पुरुष, आणि कोथी आपल्या ज्या पुरुष जोडीदाराला पंथी म्हणतात तो स्वतःला नुसता पुरुष म्हणेल. म्हणून तर एचआयव्हीच्या कामात एमएसएम शब्द आला, ओळख राहू दे बाजूला, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष एवढंच. पण तो ऑफिसातला शब्द. मी नवीन असताना एकाला विचारलं, तुम्ही एमएसएम का, तर त्याला वाटलं मी सिमकार्ड विकायला आलेय.

तर फॉर्म महिनाभर बॅगेतच ठेव. वर्करसोबत जाऊन नुसता बस, चहा घे, संध्याकाळी सातला कोण येतं आणि रात्री दहाला कोण ते बघ, आणि नोट्स घरी येऊन त्याच रात्री लिही, नावं आणि जागेचा पत्ता न टाकता. मग त्यांनाच विचार की आरोग्याचं कशावर शोधायला हवं. तू एचआयव्ही धरून बसशील आणि ते सांगतील की गुप्तरोगाच्या औषधाला गेलं की डॉक्टर म्हणतात मिसेसला घेऊन या, मग परत जायची सोयच राहत नाही. हे फॉर्ममध्ये कुठल्या चौकोनात टिक करणार?

गाइडना आकडे हवेतच तर त्यांना रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग सांग, समाजशास्त्रज्ञ हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेलं. चार-पाच जणांपासून सुरुवात, प्रत्येकाला मोजकी कूपनं, ते आपापल्या ओळखीतले आणतात, आणि कुणाची ओळख किती मोठी ते विचारून हिशोब जुळवतात. स्टँडवर दिसेल त्याला धरण्यापेक्षा बरं.

लपूनछपून मात्र काही नको. अमेरिकेत सेंट लुइसला १९६०च्या दशकात लॉड हम्फ्रीज नावाच्या संशोधकाने सार्वजनिक संडासात भेटणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, आणि वर्षभराने वेश बदलून आरोग्य सर्व्हेच्या नावाखाली त्यांच्या घरी गेला. अजून शिव्या खातोय. आणि या लोकांची भीती उगाच नाही, आपल्याकडे लखनौला २००१ मध्ये कंडोम आणि माहिती वाटणाऱ्या वर्करनाच पोलिसांनी अटक केली होती. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण घरच्यांना कळायची भीती तेवढीच आहे, त्यामुळे संमतीपत्रावर सही घेतलीस तर तो कागदच त्यांना नडायचा. तोंडी संमती चालेल का ते संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला आधीच विचार. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत लैंगिक अल्पसंख्याकांना जास्त जपायचं म्हटलंय, तो मुद्दा अर्जात टाक.

मुंबईत समलिंगी लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून आहे, तिथे त्याच समाजातली माणसं संशोधन करतात, त्यांना एक मेल टाकून बघ. आणि लिहून झालं की कॉलेजात द्यायच्या आधी स्टँडवरच्या त्याच माणसांना मराठीत वाचून दाखव, जिथे हसतील तिथे तू चुकलायस. वर्करच्या चहाचे पैसे तू देतोस ना?